आटपाडीचा बस्ता

"दिगू, तीस चहा सांग. आटपाडीचा बस्ता आला बघ," रतनशेठ गल्ल्यावरून ओरडले.

मी काउंटरच्या आडून बाहेर बघितलं. दुकानासमोर दोन टेम्पो थांबले होते आणि त्यांतून बायका उतरत होत्या, एकमेकींचे पदर सोडवत, उन्हानं डोळे बारीक करत. पुरुषमंडळी उतरल्या उतरल्या पानाची टपरी शोधत होती. सगळ्यांत शेवटी, टेम्पोंच्या मागून मोटारसायकलवर, नवरदेव आला. उदय. त्याच्या अंगात फिकट निळा शर्ट होता. तो शर्ट मागच्या दिवाळीत मी त्याला दिला होता, ह्याच दुकानातून, माझ्या पगारातून. म्हणजे माझा शर्ट घालून हा पठ्ठ्या स्वतःच्या लग्नाचा बस्ता बांधायला आला होता!

मी चहा सांगायला पळालो, कारण माझ्या तोंडावर काय दिसतंय ते मला कुणाला दाखवायचं नव्हतं.

ही वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो आणि विट्यात 'कुंकुम वस्त्रदालना'त साड्या विकत होतो. आज पुण्यामुंबईत लोक तिकीट काढून ज्या शालूवहिनीला बघायला येतात, जी दीड तास सासरच्या माणसांची सालटी काढते आणि मधूनच पुरुषी आवाजात खोकते, ती बाई मीच. मुलाखत घेणारी पोरं ह्या बाईच्या सोंगाला ड्रॅग म्हणतात. विचारतात, "ड्रॅगची सुरुवात कुठून झाली?" त्यांना वाटतं मी लंडनबिंडन सांगेन. मी सांगतो, विट्यात, गादीवर, पगारी.

खरंच तसं होतं. शालू अंगावर घेऊन दाखवल्याशिवाय विकला जात नाही. बायका जर चाचपून बघतात, पदर उजेडात धरतात, उलट्या बाजूचा धागा बघतात, पण मन बसतं ते कुणाच्या तरी अंगावर बघूनच. नवरी सासरच्यांसमोर अवघडून बसलेली असते, तिला कोण उठवणार? मग गादीवरचा माणूस उठतो, पँटवरच निऱ्या घालून पट्ट्यात खोचतो, खांद्यावर पदर टाकतो आणि दोन पावलं चालून दाखवतो. सगळ्याच दुकानांत हे चालतं. मी त्यात माझी भर घातली. चाल घातली, मानेला झोका दिला, आणि शेवटी नवरदेवाच्या नावाचा उखाणा. बस्त्याच्या सकाळी रतनशेठ नवरा-नवरीची नावं चिठ्ठीवर लिहून माझ्या हातात द्यायचे. शालू नेसून मी पदराचं टोक बोटाला गुंडाळायचो, लाजायचो आणि म्हणायचो:

"सासूबाईंनी काढले शालू सतरा, मामंजी बघतात घड्याळ,
बाळासाहेबांचं नाव घेते, आता तरी मागवा फराळ!"

हसून हसून सासवांचे डोळे भरायचे आणि त्या भरात दोन साड्या जास्त जायच्या. तालुक्यात माझं नाव झालं होतं. "तो नाव घेणारा पोरगा हाय न्हवं, त्याच दुकानात जाऊया," असं म्हणत लोक यायचे. गंमत एवढीच, की दुकानात शालू नेसला तर मी कलाकार, आणि दुकानाबाहेर नुसते हातवारे केले तरी बायल्या. दोन्ही म्हणणारी माणसं तीच.

उदयचं घर गलाईवाल्यांचं. आमच्या भागातली निम्मी घरं सोनंचांदी गाळायच्या धंद्यात, देशभर पांगलेली. उदय चुलत्याबरोबर कोइमतूरला होता. वर्षातून दोनदा यायचा, दिवाळीला आणि यात्रेला. ते पंधरा पंधरा दिवस माझे असायचे. सहा वर्षं चाललं होतं हे. दुपारी दुकान जेवणासाठी बंद झालं की आम्ही त्याच्या मोटारसायकलवरून रेवणसिद्धाच्या डोंगराकडं जायचो आणि मी त्याला दुकानात आलेल्या एकेका बाईची नक्कल करून दाखवायचो. त्याला हसू यायचं, पण तो तोंडावर हात दाबून, आवाज न करता हसायचा. नुसते खांदे हलायचे.

"मोठ्यानं हास की एकदा," मी म्हणायचो.

"लोक ऐकतील."

"हितं कोण हाय? शेळ्या?"

"शेळ्यांच्या मागं माणूस असतंय," तो म्हणायचा आणि पुन्हा तोंडावर हात.

दिवाळीत त्यानं लग्नाचं सांगितलं. घरच्यांपुढं इलाज नाही, आपलं काही बदलत नाही, वगैरे. मी शहाण्यासारखी मान डोलावली. मला वाटलं होतं, मला फार काही वाटणार नाही. पण त्या दिवशी सकाळी रतनशेठांनी चिठ्ठी दिली, त्यावर 'उदय' आणि त्याच्या शेजारी 'वैजयंता' असं लिहिलेलं बघितलं, आणि मी जो जळायला लागलो तो संध्याकाळपर्यंत जळतच राहिलो. मत्सर हा शब्द मला तेव्हा पुस्तकी वाटायचा. त्या दिवशी कळलं, साधा जेवणखाण्यासारखा शब्द आहे तो.

मला त्या दिवशी एकच गोष्ट हवी होती. लग्न मोडावं, असं नाही. तेवढी अक्कल मला होती. मला एवढंच हवं होतं की त्या भरल्या दुकानात, दोन्हीकडच्या माणसांसमोर, उदयनं एकदा तिच्याकडं न बघता माझ्याकडं बघावं.

मंडळी गादीवर बसली. मी नवरीला हुडकलं. मनात तिचं फार देखणं चित्र रंगवलं होतं मी, पण प्रत्यक्षात ती साधीच निघाली. सावळी, उंच, पुढचे दोन दात किंचित पुढं. ती देखणी असती तर निदान सांगता आलं असतं, की बाबा, रूपावर भाळला. तेही नाही. उदय पुरुषांच्या बाजूला भिंतीला टेकून बसला होता आणि गादीच्या कापडातला एक सुटा धागा ओढत होता. माझ्याकडं त्यानं एकदाही मान वर केली नाही. तिच्याकडंही केली नाही म्हणा, पण ते मी कशाला मोजतोय?

"शालू दाखवा आधी," उदयची आई म्हणाली. तिला सगळे आक्का म्हणायचे. "मानपानाचं मागनं बघू."

सात वर्षं मी बायकांना रंग दाखवत होतो. बाई दारातून आत येतानाच मला कळायचं तिला काय खुलेल. वैजयंताला वांगी रंग खुलला असता. तसा एक शालू कपाटात वरच्या खणात होताही, गर्द वांगी, पदरावर जरीचे मोर. त्या वर्षीच्या मालातला सगळ्यांत सुंदर. मी त्या खणाकडं पाठ केली आणि खालून पोपटी शालू काढला. तीन वर्षं तो कुणी घेतला नव्हता.

"हा बघा आक्का. आत्ताची फॅशन. पुण्याला सगळ्या नवऱ्या हाच मागतात," मी ठोकून दिलं.

निऱ्या घातल्या, पदर टाकला, चाललो. मी गोरा. मला काय, पोपटी शोभलाच.

"आगं बया, कसला झ्याक दिसतोय," नवरीची आत्या म्हणाली. आक्कांनीही मान डोलावली. मी उदयकडं बघितलं. तो धागा ओढत होता.

"लई झ्याक दिसतोय," खालून आवाज आला. नवरीचा. बस्त्याला नवरी बोलत नसते. तिला विचारलं तर ती आईकडं बघते. ही सरळ माझ्याकडं बघून बोलत होती. "तुमच्यावर. माझ्या अंगावर त्यो पोपट बाभळीवर बसल्यागत दिसंल."

बायकांची बाजू हशानं फुटली. आत्या तर मांडीवर थापा मारायला लागली. मीही हसलो, धंद्याचं हसू. आतून जळून कोळसा झालो. दुकानात हसवायचं काम माझं होतं! लोक माझ्यासाठी दोन तालुके ओलांडून यायचे, आणि ही बाई बसल्या जागेवरून, हात न हलवता, एका वाक्यात दुकान घेऊन गेली होती. नवरा घेऊन चाललीच होती.

मी तिला लिंबी दाखवला. ती म्हणाली, "ह्यो हळदीच्या दिवशी कावीळ झाल्यावानी हाय." पिस्ता दाखवला. "ह्यो दवाखान्याचा पडदा." दर वेळी एक हशा. आक्का आधी कपाळाला आठ्या घालून होत्या, तिसऱ्या वाक्याला त्याही पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मी घामानं भिजलो होतो. एवढ्या वाईट रीतीनं मी आयुष्यात कधी साड्या दाखवल्या नव्हत्या आणि तिला ते कळत होतं. ती माझ्याकडं असं बघत होती, की हा माणूस मुद्दाम करतोय, पण का करतोय?

"दिगू, तो वरच्या खणातला काढ ना रे," रतनशेठ गल्ल्यावरून म्हणाले. शेठच ते, त्यांना सगळा माल पाठ.

तो शालू मला तिला द्यायचा नव्हता. खोटं कशाला बोलू? पण काढायला हात वर केला आणि वाटलं, काढायचाच आहे तर हा आपण नेसू. नीट नेसू. नेहमीसारखा पट्ट्यात कोंबून नाही. उदयनं मला ह्या शालूत एकदा बघावं, मग जाऊ दे कुणाच्या अंगावर जायचा तो. मी आरशासमोर गेलो. एकेक निरी बोटावर मोजून घातली. पदर डोक्यावरून घेतला, कपाळापर्यंत ओढला आणि वळलो.

कुणी हसलं नाही. हे मला अजून आठवतं. तोंडातले चहाचे घोट तसेच राहिले. आत्या हळूच म्हणाली, "साक्षात लक्ष्मी हो," आणि मग आपण एका बाप्याला हे म्हणालो हे कळून जीभ चावली.

उदयनं मान वर केली नाही.

"नाव घ्या की!" बायकांतून कुणीतरी ओरडलं. "तुमचं लई ऐकलंय. नवरदेवाचं नाव घ्या!"

"घ्या, घ्या! नाव घ्या!" सगळ्याच टाळ्या वाजवायला लागल्या. रतनशेठांनी गल्ल्यावरून बोटानं खूण केली, चल, घे.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. लाजलो. उखाणा सकाळीच जुळवून ठेवला होता.

"शालू नेसले भरजरी, पदरावर नाचतो मोर..."

आणि पुढं नाव आलं नाही.

सात वर्षांत मी किती नवरदेवांची नावं घेतली असतील! संभाजीराव, बाळासाहेब, एकदा तर एका फौजदाराचं. कधी अडलो नाही. पण ह्या एका माणसाचं नाव मी सहा वर्षांत चारचौघांत कधी उच्चारलंच नव्हतं. दुकानात त्याचा फोन आला तरी मी 'कोइमतूरचा फोन' म्हणायचो. एकटा असताना हजारदा घेतलेलं नाव. माणसांत घ्यायची माझ्या जिभेला सवय नव्हती, आणि ती लाकडासारखी पडून राहिली.

टाळ्या थांबल्या. रतनशेठ खाकरले. उदयच्या हातातला धागा तुटला होता आणि दोन बोटांत तसाच धरून तो बसला होता, चेहरा पांढराफटक. त्याला वाटलं असणार, आता हा काहीतरी बोलणार, सगळं संपलं. त्याची ती भीती बघून मला खरं तर जास्त राग आला. तोंड उघडायला गेलो, तर नुसता श्वास बाहेर आला.

तेवढ्यात वैजयंता उठली. उभी राहिली, डावा हात कमरेवर ठेवला, मला नखशिखान्त बघितलं, दोन क्षण थांबली, आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

"उदयरावांचं नाव घेते मी, माझा शालू नेसलाय चोर!"

काय हशा झाला म्हणून सांगू! दुकानाच्या बाहेर रस्त्यावरची माणसं थांबली. आक्का आत्याच्या खांद्यावर कोसळल्या. लग्नाआधीच नाव घेतलं म्हणून खरं तर दोन्हीकडच्या थोरांनी तिला झापायला हवं होतं, पण झापणार कोण, सगळे लोळत होते. आणि उदय हसला. तोंडावर हात न ठेवता, डोकं भिंतीला टेकवून, मोठ्यानं. सहा वर्षं मी ज्या हसण्यासाठी डोंगराखाली नकला केल्या, ते हसणं तिनं एका ओळीत काढून घेतलं. आणि वर हसताना तो बघत कुणाकडं होता? माझ्याकडं. इतका वेळ ज्यानं मान वर केली नव्हती, तो आता डोळ्यांत पाणी येईपर्यंत थेट माझ्याकडं बघून हसत होता. चोर म्हटल्यावर माझं तोंड कसं पडलंय ते बघत होता, आणखी काय?

मीही हसलो. वाकून तिला नमस्कार केला. "हरलो बाई," म्हणालो. पुन्हा टाळ्या. शालू फेडून घडी न घालताच तिच्यासमोर ठेवला.

तो शालू तिनं घेतला, हे सांगायला नकोच.

मानपानाच्या साड्यांना मी बसलो नाही. माझ्या जागी मारुती बसला, माझ्याबरोबर गादीवर काम करणारा. मी मागच्या बाजूला, जिथं फॉल-पिकोचं मशिन होतं, तिथं उगाच घड्या घालत बसलो. थोड्या वेळानं वैजयंता तो शालू घेऊन एकटीच तिथं आली.

"फॉल लावायचाय," ती म्हणाली.

"ठेवा. गुरुवारी मिळेल."

ती गेली नाही. काउंटरवरच्या रिळांकडं बघत उभी राहिली. "दादा, एक इचारू? आजपतुर किती नवऱ्यांची नावं घेतलीसा तुमी?"

"मोजली नाहीत."

"समदी अशीच अडली?"

मी खाली बघून घडी घातली. ती उलगडली आणि पुन्हा घातली. पुढच्या दालनात आत्या कुणाशी तरी साड्यांच्या भावावरून भांडत होती, त्याचा आवाज येत होता.

"घसा बसलाय दोन दिवस," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली. "असंल." मग एक रीळ उचलून बघत, "मगापासनं मला वंगाळ रंग दावत हुतासा. मी तुमच्या जागी असते तर मी बी तेच केलं असतं."

मला वाटलं, पडून राहिलेला माल खपवायचं म्हणतेय. "धंदा आहे ताई," मी म्हणालो. आणि मग मला राहवलं नाही. "तुम्हाला काय, तुम्ही दोन शब्दांत सगळ्यांना हसवलंत. नवरदेव पण कसे हसले, बघितलंत ना?"

"बघितलं की." ती हसली नाही. "हसवलं मी. पर त्याचा काय उपेग?"

केवढा तोरा, असं मला वाटलं. माणसानं लाख मोलाची गोष्ट मिळवावी आणि वर म्हणावं, काय उपयोग! ती शालूवरून एकदा हात फिरवून निघाली. दारात थांबून म्हणाली, "तुमच्यावर लई चांगला दिसत हुता ह्यो. समद्यांनी बघितलं." आणि गेली.

बस्ता चारला बांधून झाला. टेम्पो निघून गेले. पाचच्या सुमाराला मारुती आत आला. "मागच्या दाराशी तो नवरदेव उभा हाय. तुला बोलवतोय. रुमाल इसरलाय म्हणतोय."

"सांग, गेला म्हणून."

"अरं, पर तू तर..."

"सांग ना!"

पिकोच्या मशिनमागच्या खिडकीतून मला तो दिसत होता. निळा शर्ट, हातात मोटारसायकलची किल्ली. मारुतीनं सांगितल्यावरही तो गेला नाही. अर्धा तास उभा होता. मी घड्याळात बघून सांगतोय. मला त्याची कीव आली नाही. उलट वाटलं, उभा राहा. जिच्यासाठी मोठ्यानं हसलास तिच्याकडं जा.

लग्नाला मी गेलो नाही. चैत्रात विटा सोडलं. उदय कधी भेटला नाही. दोन मुली आहेत त्यांना, कोइमतूरला स्वतःचं दुकान टाकलंय, एवढं मारुतीकडून कळलं.

पुण्यात आधी साडीच्याच दुकानात होतो. मग कुणीतरी सांगितलं, एका हॉटेलच्या तळघरात कुणालाही पाच मिनिटं बोलायला देतात. मी पिशवीतून साडी नेली, पँटवरच नेसलो आणि आटपाडीचा बस्ता सांगितला, उदयला वगळून. लोक हसले. मग टोप आला, दागिने आले, चोळी शिवणारा मिळाला, माझ्यासारखी आणखी चार माणसं मिळाली, ज्यांच्यात नाव घेताना जीभ अडत नाही. पण शालूवहिनी कमरेवर डावा हात ठेवते ना, आणि बोलायच्या आधी दोन क्षण थांबते, ते वैजयंताचं आहे. माणूस ज्याच्यावर जळतो त्याची नक्कल त्याला फार चांगली जमते. इतकी वर्षं मी रोज तिचा हात माझ्या कमरेवर ठेवून पोट भरलं आणि रोज तिच्यावर जळलो. टाळ्या मिळाल्या की वाटायचं, तिला ह्याहून जास्त मिळाल्या होत्या, आणि तिनं तोंडाला रंगही लावला नव्हता.

मग गेल्या वर्षी चिंचवडला एका सोसायटीचा कार्यक्रम होता. रविवारी सकाळी अकराला, मांडवात. वयस्कर मंडळी बरीच. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला. पहिल्या रांगेत पांढऱ्या सदऱ्यातले एक आजोबा हाताची घडी घालून बसले होते. चेहऱ्यावर स्वच्छ लिहिलेलं, की हा बायकी प्रकार मला पसंत नाही. असा एक माणूस असला की मला चेव येतो. तासभर मी त्यांच्यावरच नेम धरला. काही केल्या हसेनात. शेवटी सुनेच्या स्वयंपाकावरचा एक किस्सा सांगत असताना त्यांचा बांध फुटला. हाताची घडी सुटली, चष्मा घसरला, आणि ते हसत सुटले.

आणि हसता हसता ते माझ्याकडं बघेनात! मान वळवून ते बायकांच्या बाजूला काहीतरी शोधायला लागले. चाळीस-पन्नास खुर्च्यांवरून त्यांची नजर धडपडत गेली, तोंड हसतंय आणि डोळे शोधतायत. चौथ्या रांगेत हिरव्या साडीतल्या एक आजी पुढं वाकून त्यांनाच बघत होत्या. दोघांची नजरानजर झाली तेव्हा कुठं त्यांचं हसणं पुरं झालं.

मी हे आधीही बघितलं होतं. खूप मोठं हसू आलं की माणूस हसवणाऱ्याकडं बघत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडं बघतो. स्टेजवरून रोज दिसतं ते. इतकी वर्षं रोज बघत होतो, आणि त्याचा माझ्याशी काही संबंध असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

उदयनं त्या दिवशी शोधलं नव्हतं. त्याला शोधावं लागलंच नव्हतं, मी समोरच उभा होतो. आणि वैजयंतानं ते तिथंच बघितलं. म्हणून ती मशिनपाशी आली, म्हणून विचारलं, काय उपयोग. जळत ती होती. मी खिडकीमागं बसून अर्धा तास मोजला.

शालूवहिनीला पुढचं वाक्य आठवेना. मी माईक धरून तसाच उभा राहिलो, डावा हात कमरेवर. बायकांच्या बाजूला वाटलं, आता उखाणा आहे आणि वहिनी लाजतेय. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "घ्या वहिनी, नाव घ्या! नाव घ्या!"

मी उदयचं नाव घेतलं. यमक जुळलं नाही, तरी लोक हसले.